मृगातून बाहेर फेकला गेलेला तारा

मृग नक्षत्र कुणाला वेगळं दाखवावं लागत नाही, ओळीत तीन तारे, तो बाण, आणि मागे व्याध. पण आज बोलायचंय ते त्याच्या बरंच खाली, शशकाच्याही दक्षिणेला असलेल्या कपोत या तारकासमूहाबद्दल, ज्याच्याकडे सहसा कुणी वळून बघत नाही. त्यात म्यू कोलंबी नावाचा साधारण 5.2 प्रतीचा तारा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक), म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा.

दिसायला मिणमिणता, पण आहे भयंकर तापलेला. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान 5,800 केल्विन, याचं 33,000 च्या आसपास. मग अंधुक का? एक तर तो हजाराहून जास्त प्रकाशवर्षं लांब आहे, आणि दुसरं म्हणजे त्याचा बराचसा उजेड अल्ट्राव्हायोलेटमध्ये जातो, तो आपल्याला दिसतच नाही. (आणि हो, इतक्या अंधुक ताऱ्याचा रंग डोळ्याला कळत नाही, तुम्हाला पांढरट ठिपकाच दिसणार, फोटोतला निळा रंग डोक्यात ठेवून जाऊ नका.)

तर हा ओ प्रकारचा, म्हणजे सगळ्यात तापलेल्या गटातला, आणि मेन सीक्वेन्सवरचा तारा, म्हणजे सूर्यासारखाच गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम करतोय, फक्त उधळ्या आहे. सूर्याच्या पंधरा-सोळा पट वस्तुमान, पण प्रकाश टाकतो हजारो पटींनी जास्त, त्यामुळे सूर्याचं आयुष्य 1000 कोटी वर्षांचं तर याचं कोटीभर वर्षांतच आटपणार. आता खरी गंमत बघा, एवढं कमी आयुष्य असलेला तारा जन्मलेल्या ढगापासून फार लांब जाऊच शकत नाही, असे तारे घोळक्यात आणि वायूच्या ढगांजवळच सापडतात, आणि हा मात्र कपोतात एकटाच, आजूबाजूला ढग नाही की भावंडं नाहीत. मग आला कुठून?

1954 मध्ये ब्लाऊ आणि मॉर्गन या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी याच्या गतीचा माग उलटा काढला. तो पोचला थेट मृगाच्या तेजोमेघापाशी, म्हणजे तारे जन्मतात त्या वायूच्या ढगापाशी, बाणाखाली जो धूसर ठिपका दिसतो ना, तिथे. आणि तिथूनच बरोब्बर उलट दिशेला, तितक्याच जबर वेगाने जाणारा दुसरा तारा होता, सारथी तारकासमूहातला एई ऑरिगी, प्रकारही तोच! वेग सेकंदाला 100 किलोमीटरच्या वर, म्हणजे पुणे-मुंबई दीड सेकंदात, घाटातला ट्रॅफिक धरून.

पुढे हिप्पार्कोस या युरोपियन उपग्रहाने ताऱ्यांची स्थानं खूप बारकाईने मोजली, त्यावरून 2001 मध्ये नवी गणितं झाली आणि त्यांचं म्हणणं असं की साधारण 25 लाख वर्षांपूर्वी तिथे ताऱ्यांच्या दोन जोड्या एकमेकींच्या फार जवळ आल्या, गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत दोन तारे दोन दिशांना भिरकावले गेले आणि उरलेल्या दोघांची नवी जोडी जमली, ती म्हणजे आयोटा ओरायनिस, तेजोमेघाला लागूनच. ही जोडी 29 दिवसांत एकमेकांभोवती फिरते पण कक्षा चांगलीच लांबट आहे. मला हा पुरावा फार आवडतो, कारण धक्का बसलेल्या जोडीची कक्षा अशी बिघडलेलीच असायला हवी. जोडीदाराचा स्फोट झाला की उरलेला तारा सुटून पळतो, असाही एक मार्ग आहे, पण त्यात सारखेच दोन तारे विरुद्ध दिशांना का जावेत हे सांगता येत नाही.

एई ऑरिगीच्या वाटेत आत्ता वायू-धुळीचा एक ढग आलाय, तो त्याच्याच प्रकाशाने उजळलाय. फोटोत बघून वाटतं की हा ढग त्याचं जन्मस्थान, पण नाही, तो फक्त तिथून चाललाय.

आता बघायचं कसं. शहरातून नाद सोडा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, चंद्र नसताना वेल्ह्याच्या बाजूला जा, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केल्यावर पुण्याचा उजेड पाठीमागे राहतो. रात्री सव्वानऊ-साडेनऊला कपोत दक्षिणेला सगळ्यात वर असतो, क्षितिजापासून चाळीसेक अंशांवर. त्यातले अल्फा आणि बीटा हे दोन ठळक तारे आधी शोधा, म्यू त्यांच्या थोडा वर. साधी बायनॉक्युलर असली तर बरं. त्याच वेळी सारथी डोक्याच्या जरा उत्तरेला असतो, पण एई ऑरिगी जेमतेम 6 प्रतीचा, त्याला बायनॉक्युलर लागणारच.