आकडेमोड यंत्राकडे, गणित मुलांकडे

श्रोतेहो, नमस्कार.

क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा बरोबर शून्य. हे किंवा याच्यासारखं एखादं वर्गसमीकरण तुम्ही शाळेत नक्की सोडवलं असेल. उत्तरं येतात दोन आणि तीन. शाळेतल्या समीकरणांची उत्तरं बहुतेक वेळा अशी नीटनेटकीच येतात, कारण ती हाताने सुटावीत म्हणून बेतलेली असतात. पुलावर येणारा भार, औषधाची मात्रा, उद्याचं हवामान यांची समीकरणं इतकी सोयीची नसतात. त्यांत आकडे दशांशातले असतात, अज्ञात राशी एकाऐवजी शेकड्यांनी असतात, आणि ती कागदावर कोणी सोडवत बसत नाही. म्हणजे शाळेत काय शिकवायचं हे ठरतं हाताला काय झेपतं त्यावरून. वर्गसमीकरणाला सूत्र आहे. घन आणि चतुर्घात समीकरणांनाही आहे, पण ते इतकं किचकट की शाळा त्याच्या वाटेला जात नाही. पाचव्या घातासाठी तर तसं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नील्स आबेल या नॉर्वेच्या तरुणाने १८२४ मध्येच सिद्ध केलं. संगणकापुढे मात्र दुसरा घात आणि पाचवा घात यांत फारसा फरक उरत नाही. हव्या तितक्या दशांश स्थळांपर्यंत उत्तर क्षणात मिळतं.

मग शाळेतलं गणित अजून हाताच्या मर्यादेत का अडकून पडलं आहे?

हा प्रश्न गेली अनेक वर्षं चिकाटीने विचारणारा माणूस आहे कॉनरॅड वुल्फ्रॅम. ब्रिटिश उद्योजक, जन्म १९७० चा. त्यांचे थोरले बंधू स्टीफन यांच्या कंपनीने १९८८ मध्ये ‘मॅथेमॅटिका’ हे गणित करणाऱ्या संगणकप्रणालीचं पॅकेज बाजारात आणलं आणि २००९ मध्ये ‘वुल्फ्रॅम अल्फा’ हे उत्तरं शोधून देणारं संकेतस्थळ. कॉनरॅड या कंपनीची युरोपातली शाखा चालवतात. जुलै २०१० मध्ये ऑक्सफर्डला भरलेल्या टेड परिषदेत त्यांनी भाषण केलं आणि मांडणी अगदी सरळ ठेवली. गणित करणं म्हणजे चार गोष्टी करणं. आधी योग्य प्रश्न विचारायचा. मग तो खऱ्या जगातून उचलून गणिताच्या भाषेत मांडायचा. मग आकडेमोड करायची. आणि शेवटी आलेलं उत्तर पुन्हा खऱ्या जगात आणून तपासायचं, की बाबा, हे पटतंय का, मूळ प्रश्नाला लागू पडतंय का.

या चारांपैकी तिसरी पायरी, आकडेमोड, यंत्र माणसापेक्षा कितीतरी चांगली करतं. आणि वुल्फ्रॅम यांच्या अंदाजाने शाळेतल्या गणिताचा साधारण ८० टक्के वेळ नेमक्या त्याच पायरीवर, तीही हाताने करण्यावर, खर्च होतो. हा त्यांचा अंदाज आहे, मोजलेला आकडा नव्हे. पण आपली गणिताची वही आठवून पाहा. प्रश्न स्वतः तयार केलाय, असं किती पानांवर सापडेल?

उरलेल्या तीन पायऱ्या न शिकवल्याने काय होतं, याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

१९७८ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांमधल्या ६० जणांना एक प्रश्न विचारला गेला. त्यांत अनुभवी डॉक्टर होते, शिकाऊ डॉक्टर होते, विद्यार्थी होते. प्रश्न असा. एक आजार हजारात एकाला होतो. त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी पाच टक्के लोकांना चुकून आजारी ठरवते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि त्याच्याबद्दल दुसरं काहीच माहीत नसलं, तर त्याला खरोखर तो आजार असण्याची शक्यता किती?

जवळपास निम्म्या लोकांनी उत्तर दिलं, ९५ टक्के.

आपण करून पाहू. दहा हजार माणसं घ्या. हजारात एक, म्हणजे दहा जण आजारी. चाचणी त्या दहाही जणांना पकडते असं धरू. उरले ९,९९०. त्यांतले पाच टक्के, म्हणजे सुमारे ५००, चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५१०, त्यांत खरे आजारी दहा. म्हणजे शक्यता साधारण दोन टक्के. साठांपैकी हे उत्तर दिलं अकरा जणांनी.

आता विचार करा, यात आकडेमोड ती किती? एक वजाबाकी, एक बेरीज, दोन-तीन साधे गुणाकार-भागाकार. वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोचलेल्या माणसाला त्यातलं काहीच अवघड नाही. ही माणसं अडखळली ती दुसऱ्या पायरीवर, प्रश्न गणितात मांडताना. आणि चौथीवरही, कारण ‘आजारच इतका दुर्मीळ आहे, मग ९५ टक्के कसे?’ असं उत्तराला उलटून विचारायची सवय नव्हती.

इथे वर्गात संगणक असला तर आणखी एक गोष्ट घडते. मुलं हजारात एकच्या जागी शंभरात एक घालून पाहतात. शक्यता दोनवरून सतरा टक्क्यांच्या आसपास जाते. दहात एक घातलं तर जवळजवळ सत्तर टक्के. चाचणी तीच, तिची चूक तेवढीच, तरी तिच्या निकालाचा अर्थ बदलत जातो. तो बदल आलेखावर दिसायला लागला की वर्गात वाद सुरू होतात. मग चाचणी कोणाची करावी? सरसकट सगळ्यांची, की लक्षणं असणाऱ्यांची? पॉझिटिव्ह आलेल्याला काय सांगावं? हाच प्रश्न हाताने दहा वेळा सोडवायला लावला, तर पोरं तिसऱ्या वेळेलाच कंटाळतील आणि वादापर्यंत कोणी पोचणारच नाही.

वुल्फ्रॅम यांच्यावर पहिला आक्षेप येतो तो ‘आधी पाया पक्का हवा’ हा. ते विचारतात, पाया कशाचा? एखादी गोष्ट आधी शोधली गेली म्हणून ती आधी शिकवायची, असं कुठे आहे? मला हे पटतं. जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉगरिदम, म्हणजे गुणाकाराचं काम बेरजेवर आणणारी युक्ती, प्रसिद्ध केली आणि पुढे साडेतीनशे वर्षं खगोलशास्त्रज्ञ, दर्यावर्दी, अभियंते सगळे लॉग टेबलावर अवलंबून राहिले. १९७२ मध्ये ह्यूलेट पॅकार्डचा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला आणि कोष्टकं हळूहळू कपाटात गेली. लॉगरिदम ही कल्पना मात्र आजही शिकवावी लागते, कारण भूकंपाची तीव्रता आणि आवाजाची पातळी तिच्यावरच मोजतात. कल्पना टिकली आणि कोष्टक बघण्याची मेहनत गेली. भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढण्याचंही तेच झालं आहे.

शिवाय आकडेमोड अवघड म्हणून ज्या कल्पना आपण मोठ्या वर्गांपर्यंत मागे ठेवतो, त्या लहान मुलांना आधी भेटू शकतात. वर्तुळात सहा समान बाजूंची आकृती बसवा. तिच्या परिमितीला व्यासाने भागलं तर उत्तर येतं तीन. बारा बाजू केल्या तर ३.१०६. चोवीस केल्या तर ३.१३३. आर्किमिडीज याच वाटेने ९६ बाजूंपर्यंत गेले होते, आणि ते काम किती कष्टाचं असेल याची कल्पनाच केलेली बरी. पडद्यावर दहा वर्षांचं मूल बोटाने बाजू वाढवत हजारावर नेतं. आकडा ३.१४१५९ पाशी, म्हणजे ‘पाय’च्या किमतीपाशी, येऊन रेंगाळतो आणि ‘अजून वाढवल्या तर?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून आपसूक येतो. गणितातल्या सीमेची, म्हणजे ‘लिमिट’ची, कल्पना ती हीच, जी एरवी कॉलेजच्या उंबरठ्यावर चिन्हांच्या गर्दीत भेटते.

सगळंच मात्र मला मान्य नाही. हाताने करण्याची पद्धत समजली की नाही हे पाहायचं तर मुलांना तिचा प्रोग्रॅम लिहायला लावा, असं वुल्फ्रॅम म्हणतात. चौदा वर्षांच्या मुलासाठी हे उत्तम आहे. पायरी मनात पुसट असेल तर प्रोग्रॅम चालतच नाही. आठ वर्षांच्या मुलाला मात्र संख्या अंगवळणी पडायला हव्यात, आणि त्या पडतात वस्तू मोजून, पाढे म्हणून, हातचा घेऊन. उत्तर तीसच्या आसपास हवं तिथे यंत्राने तीन हजार दाखवलं, तर बोट चुकीचं पडलं हे ज्याला संख्यांचा अंदाज आहे त्यालाच कळेल. खुद्द वुल्फ्रॅमही तोंडी अंदाज बांधण्याच्या बाजूने बोलतात. पाच आकडी संख्येला तीन आकडी संख्येने भागण्याचे तक्तेच्या तक्ते मात्र मी आज बंद करीन.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. वुल्फ्रॅम यांची कंपनी गणिताची प्रणाली विकते. वर्गावर्गात संगणकाने गणित शिकवलं गेलं तर तिचा फायदा आहे. म्हणून त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. पण शाळांनी कल्पना घ्यावी आणि साधन निवडताना मोकळं राहावं. स्प्रेडशीटवर आणि फुकट मिळणाऱ्या जिओजेब्रासारख्या साधनांवरही यातलं बरंच काही करता येतं.

संगणक वर्गात आणले म्हणजे झालं, असंही नाही. वर्गसमीकरण हाताने कसं सोडवायचं याचा धडा पडद्यावर दाखवणाऱ्या प्रणाली आज ढिगाने आहेत. यंत्राने करायचं काम माणसाने कसं करावं हे यंत्रच शिकवतंय, हा प्रकार उलटा आहे, असं वुल्फ्रॅम यांनी त्या ऑक्सफर्डच्या भाषणातच बजावलं होतं.

त्यांची कल्पना देशाच्या पातळीवर पहिल्यांदा उचलली एस्टोनियाने. लोकसंख्या जेमतेम तेरा लाख, पण १९९० च्या दशकातच शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट नेण्याची सरकारी मोहीम राबवलेला हा देश. २०१३ मध्ये तिथे संख्याशास्त्राचे नवे पाठ वुल्फ्रॅम यांच्या गटाबरोबर तयार करून शाळांत प्रयोग म्हणून नेण्याचं ठरलं. संख्याशास्त्र निवडलं हे शहाणपणाचं होतं. तिथे खरी माहिती हजारो ओळींची असते, हाताने तिला हात घालताच येत नाही, आणि प्रत्येक उत्तराला ‘यावर किती विश्वास ठेवू?’ हा प्रश्न चिकटलेला असतो.

अडचण खरी आहे ती परीक्षेची. शिक्षकाला कितीही वाटलं तरी वर्षाच्या शेवटी मुलांपुढे कागद, पेन आणि तीन तास असतील, तर तो तिसऱ्या पायरीचाच सराव करून घेणार. त्याला दोष देता येत नाही. म्हणून बदल प्रश्नपत्रिकेपासून सुरू व्हायला हवा. परीक्षेत संगणक द्या आणि विचारा: ही हजार नोंदींची माहिती, हा त्यावरून कोणीतरी केलेला दावा. तुम्हाला तो पटतो का? तपासायला कोणते प्रश्न विचारले? काय गृहीत धरलं? उत्तर कुठे फसू शकतं? असे पेपर तपासणं वेळखाऊ आहे, एकच बरोबर उत्तर नसल्याने गुण देताना मतभेद होतील, परीक्षकांना वेगळं प्रशिक्षण द्यावं लागेल. परीक्षा मंडळांनी पैसा आणि मनुष्यबळ आधी तिथे लावावं, संगणकांची खरेदी त्यानंतर.

नमस्कार.