मुंबई ते लंडन: वाट तीच, वेळ वेगळी

माझी मावशी एका डिसेंबरात पहिल्यांदा लंडनला निघाली. तिकीट हातात घेऊन म्हणाली, "रात्री दोनला निघून सकाळी सहाला पोचतंय. चारच तास की रे!" परतीच्या तिकिटावर मात्र साडेचौदा तास दिसत होते. "येताना एवढं कुठं भटकत येतं हे?"

हा घड्याळाचा घोळ. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास. जाताना ते वजा होतात, येताना मिळवायचे. खरा प्रवास जाताना साडेनऊ तासांचा, येताना नऊचा. हे सांगितल्यावर तिनं नेमकी शंका काढली, "वाट तीच ना? मग अर्धा तास गेला कुठं?"

आधी अंतर बघू. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, तो नकाशा चपटा आहे. पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर ताणा. दोरा जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो, मग इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन. भरतो सुमारे 7,200 किलोमीटर. जेट विमान ताशी 850च्या आसपास उडतं, म्हणजे साडेआठ तास झाले. तिकिटावरची वेळ त्याहून जास्त असते, कारण ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंत मोजतात. मुंबईत धावपट्टीपर्यंतची रांग त्यात आली, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी आकाशात घातलेल्या घिरट्याही आल्या.

आता मावशीचा अर्धा तास. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात ते फार जोरात असतात. नुसत्या हिशेबापुरतं समजा, वाटभर ताशी 100 किलोमीटरचा वारा आहे. जाताना वेग उरला 750, वेळ 9 तास 36 मिनिटं. येताना वेग 950, वेळ 7 तास 35 मिनिटं. गंमत बघा: वारा नसता तर जितका वेळ लागला असता, त्यापेक्षा जाताना 68 मिनिटं जास्त गेली आणि येताना वाचली फक्त 53. जाण्यायेण्यात फिटंफाट होत नाही! कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो. नदीत होडी वल्हवणाऱ्याला हे न शिकवता कळतं.

एवढं गणित झालं तरी दोऱ्याची वाट आज मोकळी नाही. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022पासून प्रवासी विमानांना बंद. कराचीकडचं टोक पाकिस्ताननं एप्रिल 2025मध्ये भारतीय कंपन्यांपुरतं बंद केलं. त्यांची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेतात. मुंबईकरांना त्याचा त्रास त्या मानानं कमी, खरा फटका दिल्लीकरांना बसला. ब्रिटिश कंपनीच्या विमानाला मात्र ही बंदी लागू नाही. म्हणजे मुंबई-लंडन किती तास, हे शेपटीवर कुठल्या देशाचं नाव आहे त्यावरही ठरतं.

आणि योगायोग असा, की 15 ऑक्टोबर 1932ला जे. आर. डी. टाटा एका छोट्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते निघाले होते कराचीहूनच.