काजूची बी आणि वर्षाचे पाच डॉलर

नमस्कार मंडळी. आज विषय तसा अर्थशास्त्राचा आहे, गरीब देशांनी आपला माल बाहेर कसा विकावा याचा, पण सुरुवात मी माझ्या मावशीपासून करतो. वेंगुर्ल्याकडे तिच्या गावाजवळ काजूचा एक छोटा कारखाना आहे, तिथे ती बरीच वर्षं बी फोडायला जायची. पायाने पट्टी दाबायची, हाताने बी कटरच्या पात्यात धरायची, टरफल उघडलं की आतला गर अलगद काढायचा, आणि हे दिवसभर. टरफलातलं तेल लागलं की कातडी जळते, म्हणून बायका हाताला राख नाहीतर तेल चोपडून बसतात, तरी बोटं काळी व्हायची ती व्हायचीच. गर अख्खा निघाला तर भाव चांगला, पाकळी झाली की कमी, तुकडा झाला की आणखी कमी. लहानपणी मी तिला विचारलं होतं, एवढ्या गोण्या आपल्याच बागांतल्या का गं? तर म्हणाली, "नाय रे, ही बी आफ्रिकेसून येता."

ते वाक्य डोक्यात राहिलं माझ्या. आपल्याकडे एवढी काजूची झाडं असताना बी आफ्रिकेतून का यावी, आणि ज्यांची बी आहे ते तिथेच का फोडत नाहीत?

तर चला मोझांबिकला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या देशात. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि मोझांबिकमध्येही नेला, म्हणजे आपली आणि त्यांची झाडं एका अर्थाने चुलत भावंडंच. 1970 च्या सुमाराला हा देश काजूच्या उत्पादनात जगात आघाडीवर होता, वर्षाला दोन लाख टनांच्या वर बी निघायची. 1975 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, मग सरकारने ठरवलं की कच्ची बी बाहेर जाऊ द्यायची नाही, इथेच फोडायची, इथल्याच लोकांना काम द्यायचं. विचार चांगला होता हो, पण लगेच यादवी सुरू झाली आणि ती 1992 पर्यंत चालली, गावं ओस पडली, झाडं म्हातारी झाली, नवीन कोणी लावली नाहीत.

युद्ध संपत आलं तेव्हा देश कर्जात बुडालेला. निर्यातबंदी उठली, तिच्या जागी कच्च्या बीवर निर्यात कर आला, आणि मग जागतिक बँकेने कर्जाच्या अटीत सांगितलं की हा करही कमी करत जा. त्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे, मी ते उडवून लावणार नाही. बी बाहेर जायला अडथळा असला की गावात बीचा भाव पडतो, म्हणजे कारखाना चालतो तो गरीब शेतकऱ्याच्या खिशातून. शिवाय तिथल्या मोठमोठ्या यंत्रांत गर जास्त तुटायचा. कर काढा, शेतकऱ्याला भाव मिळेल, तो नवीन झाडं लावेल. कागदावर सगळं बरोबर. 1990 च्या दशकाच्या मध्याला कर 14 टक्क्यांपर्यंत खाली आला, आणि त्याच सुमाराला सरकारी कारखानेही नुकतेच खाजगी मालकांना विकलेले होते.

पुढे काय झालं? कच्ची बी जहाजात भरून भारतात यायला लागली, कारण तेव्हा एवढी बी विकत घेणारा मोठा गिऱ्हाईक जवळजवळ आपणच होतो. तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले. दहा हजारांच्या आसपास कामगार होते, बायका त्यात खूप, आणि 2001 येईपर्यंत बहुतेक सगळे घरी बसले.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या शेतकऱ्याला किती मिळालं? हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशोब मांडला. काजू पिकवणाऱ्या एका सरासरी घराला जास्तीत जास्त 5 डॉलर 30 सेंट, आणि तेही अख्ख्या वर्षाला. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा परत परत बघितला, वाटलं शून्य गळलं असेल.

उरलेले पैसे गेले कुठे? मधल्या माणसाकडे. नाम्पुला हा उत्तरेतला काजूचा प्रांत, रस्ते खराब, शेतकऱ्याकडे थोडी थोडी बी, आणि दारात येणारे व्यापारी बोटावर मोजण्याइतके. ट्रक त्याचा, रोकड त्याची, बंदरावर भाव काय चाललाय ते फक्त त्यालाच माहीत, मग शेतकरी काय घासाघीस करणार? कोकणात आंबा-काजूवाल्यांना हे सांगायला नको, दलाल बागेत येऊन जो आकडा बोलतो तोच भाव. बंदरावर कर कमी झाला म्हणून तो फरक खळ्यापर्यंत आपोआप चालत येत नाही, त्याला रस्ता लागतो, दुसरा गिऱ्हाईक लागतो, बी चार महिने ठेवता येईल असं गोदाम लागतं. ते आधी करायला हवं होतं. आणि झाडाचं म्हणाल तर काजू लावला की फळ धरायला तीन-चार वर्षं जातात, सरकारचं धोरण दर दोन वर्षांनी बदलतंय म्हटल्यावर कोण कलमं लावेल? मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, की बीचा भाव वाढवायचा विचार झाला पण ती फोडणाऱ्या बाईच्या नोकरीचं काय, ते कुणी नीट विचारलंच नाही.

1999 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून कर पुन्हा वाढवला, 18 ते 22 टक्क्यांपर्यंत. त्यानंतरच्या काळात नाम्पुलाकडे नवे कारखाने उभे राहिले, लहान, अवजड यंत्रांऐवजी माणसांच्या हातांवर चालणारे, आपल्याकडे असतात तसेच पट्टीवाले कटर घेऊन. हजारो लोकांना परत काम मिळालं.

त्यातल्या एका कारखान्याचा फोटो मी मावशीला मोबाईलवर दाखवला. रांगेत बसलेल्या बायका, पुढ्यात बीचा ढीग. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं, एका बाईच्या पायाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "पट्टी उंच आसा तिची, सांजेक पाय दुखतले."