लाल की काळं, ते आव्यात ठरतं

(दृश्य: संक्रांतीआधीचा बाजार. हातगाडीवर सुगडांचे ढीग.)

लाल सुगडं एकीकडे, काळी दुसरीकडे. गिऱ्हाईक भावाची घासाघीस करतं, रंगाचं कुणी विचारत नाही. काही काळी सुगडं नुसती रंग फासलेली असतात, त्यांचं सोडा. पण जी भाजतानाच काळी झाली, त्यांची माती आणि लालांची माती एकच असू शकते. फरक पडतो तो आव्यात.

(दृश्य: मोकळं आवार. आवा रचणं चालू.)

आवा म्हणजे कुंभाराची उघड्यावरची भट्टी. धुराडं नाही, दार नाही, बऱ्याच ठिकाणी भिंतही नाही. खाली गोवऱ्या आणि काटक्या. त्यावर मडकी, पालथी घातलेली. मधल्या फटींत बोळकी, पणत्या. पुन्हा गोवऱ्या, मग पेंढा किंवा भाताचं तूस, आणि सगळ्यांवर फुटक्या खापरांचा आणि राखेचा थर. धग आत कोंडायची आणि वारा बाहेर ठेवायचा, हे काम त्या खापरांचं.

मडकं आतून ओलसर राहिलं असेल, तर घात होतो. 100 अंशांना पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की मडकं तडकतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं. म्हणून सुरुवातीला जाळ नको, नुसती धग हवी. गोवरी इथे उपयोगी पडते, कारण ती भडकत नाही, धुमसते. पुढे 500-600 अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं. त्यानंतर ते मडकं कितीही भिजवा, त्याचा परत चिखल होत नाही.

(दृश्य: अंधार. खापरांच्या फटीतून दिसणारा लालसर उजेड.)

तापमापक नाही. फटीतून दिसणारा रंग बघायचा. मंद लाल म्हणजे साधारण 700, केशरीकडे झुकला की 900 जवळ आलं. उघड्या आव्याची मजल बहुधा एवढीच. स्टुडिओतली स्टोनवेअरची भांडी 1200 अंशांच्या वर भाजतात, ती घट्ट होतात, पाझरत नाहीत. माठ पाझरतो, ते पाणी बाहेरून वाळतं, म्हणून आतलं गार राहतं. कमी भाजणं हा इथे दोष नव्हेच.

आता रंगाचं. मातीत लोह असतं. भरपूर हवा मिळाली की मडकं लाल. काळं हवं असेल, तर आवा ऐन तापलेला असताना त्याची तोंडं बुजवायची: भुसा, शेणाचा चुरा, राख, ओली माती, जे हाताशी असेल ते. श्वास कोंडलेली आग मातीतल्या लोहाचाच ऑक्सिजन ओढून घेते, आणि धुरातला कार्बन मडक्याच्या छिद्रांत बसतो. मग मात्र धीर धरायचा. गरम असताना उघडलं, तर आत शिरलेली हवा तो कार्बन जाळून टाकते आणि काळ्यावर लाल डाग उमटतात.

(दृश्य: विदर्भातली शिलावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवती रचलेली दगडांची कडी.)

नागपूरजवळ माहुरझरी, नायकुंड इथल्या लोहयुगीन उत्खननांत काळी-लाल भांडी मिळाली. आतून आणि काठाशी काळी, खाली लाल. पालथं भांडं, आत हवा नाही, बाहेर आहे, असा त्याचा नेहमीचा उलगडा. एकाच भाजणीत हे साधलं की दोन लागल्या, यावर अभ्यासक अजून भांडतात. पुणे जिल्ह्यात इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत तर कुंभाराची भट्टीच सापडली आहे. म्हणजे भट्टी बांधायची अक्कल इथे 3000 वर्षांपूर्वी होती. आवा टिकला तो अडाणीपणामुळे नव्हे. विटा नकोत, जळण गोठ्यातलं, आणि माठाला तेवढीच आच पुरते.

(दृश्य: स्टुडिओच्या मागचं अंगण. लोखंडी ड्रम.)

शहरातले हौशी कलाकार हीच युक्ती ड्रममध्ये करतात. भुशात भांडी पुरायची, वरून पेटवायचं, रात्रभर धुमसू द्यायचं. कुणी खड्ड्यात मीठ, केळीच्या साली, मोरचूद टाकतात. गुलाबी-हिरव्या छटा येतात. दिसतं सुरेख, पण तो धूर विषारी असतो आणि त्या भांड्यात खायचं नाही, एवढं आधी सांगायला हवं. राकू या मूळ जपानी भाजणीचं नावही हल्ली फार ऐकू येतं. लालबुंद भांडं चिमट्याने उचलून भुशात टाकायची ती पद्धत अमेरिकेत 1960च्या सुमारास कुंभारकलाकार पॉल सोल्डनर यांनी रुजवली. क्योटोच्या 16व्या शतकातल्या मूळ राकूत भुसा नव्हता.

(दृश्य: सकाळ. आवा उघडतात. हाताची बोटं, मडकं.)

पुरता निवल्याशिवाय आव्याला हात नाही. मग एकेक मडकं बाहेर, राख झटकायची, आणि बोटाच्या पेराने टिचकी. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं किंवा चिरलेलं. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी पारखली आणि नामदेव कच्चे निघाले, ती कथा याच परीक्षेवर उभी आहे. इथे कुणी रुसत नाही. बद्द वाजलेली एका बाजूला टाकतात. चिरलेल्यांची खापरं करून ती पुढच्या आव्यावर पसरतात.