ग्रॅमचा कायदा, मिलिग्रॅमचा उपचार

(दृश्य: पुलाखालचा अंधार. चांदीच्या कागदाखाली काडीची ज्योत. चेहरा दिसत नाही.)

गर्दुल्ला. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत शिरली, तिच्यासोबत हा शब्द आला आणि आपल्या बोलण्यात शिवीसारखा रुळला. १४ नोव्हेंबर १९८५ला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. पुढच्याच वर्षी सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. म्हणजे कोठडी आणि व्यसनमुक्ती केंद्र, दोन्ही एकाच वयाची. पैसा, माणसं आणि बातम्या मात्र कोठडीच्या वाट्याला जास्त आल्या.

या कायद्याच्या कलम २७ नुसार नशा करणं हाच गुन्हा आहे. हेरॉइन, मॉर्फिन, कोकेन घेतलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जवळ माल सापडला, तर पुढचं सगळं काट्यावर ठरतं.

(दृश्य: इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. आकडा ६.० वर स्थिरावतो.)

हेरॉइन ५ ग्रॅमच्या आत असेल तर ती ‘अल्प मात्रा’, शिक्षा एक वर्षापर्यंत. २५० ग्रॅमच्या वर ‘व्यावसायिक मात्रा’: किमान दहा, कमाल वीस वर्षं, आणि कलम ३७च्या अटींमुळे जामीन मिळणं महाकठीण. मधल्या पट्ट्यात दहा वर्षांपर्यंत.

पण काट्यावरच्या पुडीत असतं काय? रस्त्यावरच्या मालात पॅरासिटामॉल असतं, कॅफीन असतं, हाताला लागेल ती पांढरी-तपकिरी पूड असते. समजा, सहा ग्रॅमच्या पुडीत खरं हेरॉइन एकच ग्रॅम आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, वजन त्या एका ग्रॅमचं धरा. २००९ मध्ये केंद्राने अधिसूचनेत दुरुस्ती केली आणि एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हिरा सिंग खटल्यात आधीचा निकाल फिरवला: भेसळीसकट सगळं मोजायचं. कारण माल विकला जातो तो भेसळ करूनच, आणि घेतलाही तसाच जातो.

दोन-दोन किलो माल मिसळून विकणाऱ्याच्या बाबतीत हे पटतं. चार दिवसांची बेगमी खिशात घेऊन फिरणाऱ्याला मात्र दुकानदाराने घातलेली भेसळ महागात पडते. नुसती शिक्षा वाढते असं नाही. कलम ६४-अ त्याच्या हातून जातं.

हे कलम नीट समजून घ्यायला हवं. व्यसनी माणसावर कलम २७चा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल, तो स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. चांगली तरतूद. पण पुडी सहा ग्रॅमची, म्हणजे दार बंद. दुसरी मेख शेवटी आहे: उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येतं. आता, अफूजन्य व्यसनात ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं? पुन्हा घसरण हा या आजाराचाच भाग आहे. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून त्याला कोणी कोर्टात उभं करत नाही.

(दृश्य: ओएसटी केंद्राची, म्हणजे हेरॉइनऐवजी बदली औषध देणाऱ्या केंद्राची खिडकी. परिचारिका गोळी कुटते.)

इथे मोजमाप मिलिग्रॅमचं. औषध ब्युप्रेनॉर्फिन. गोळी कुटून जिभेखाली द्यायची, विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं समोर बसवायचं. गिळली तर उपयोग जवळपास शून्य. खिशात गेली तर बाहेर विकली जाते. पहिल्या दिवशी साधारण २ ते ४ मिलिग्रॅम, मग हळूहळू वाढ.

चूक होते ती घाईत. शेवटच्या झुरक्यानंतर काही तास जाऊ द्यावे लागतात. जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, म्हणजे टर्की (नशा उतरल्यावरचा त्रास) सुरू झालेली दिसावी लागते. त्याआधी गोळी दिली तर ती मेंदूतलं हेरॉइन ढकलून त्याची जागा घेते, पण तेवढा जोर देत नाही. माणूस पाऊण तासात तळमळायला लागतो आणि ‘या गोळीने मारलं’ म्हणत परत फिरकत नाही. दुसरा घोटाळा रोजच्या हजेरीचा: मजुरी सकाळी आठला, केंद्र उघडतं दहाला. स्थिर झालेल्या रुग्णाला काही दिवसांच्या गोळ्या घरी द्याव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एमडीला, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक नशेला, यातलं काहीच लागू नाही. त्यावर अशी बदली गोळीच नाही. तिथे समुपदेशन, झोप, खाणं आणि चिकाटी.

पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून दहा दिवसांपुरता साठा बाळगणं गुन्ह्यातून काढलं. प्रकरण कोर्टाऐवजी आरोग्य आणि समाजसेवेतल्या माणसांच्या समितीपुढे जातं. विक्री तिथेही गुन्हाच. आपल्याकडे इतकी मोठी उडी नको असेल, तर कलम २७ वगळा आणि ६४-अ साठी तरी शुद्ध द्रव्याचं वजन धरा.

(दृश्य: कारागृहाचं दार. हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेला माणूस बाहेर येतो.)

सगळ्यांत धोक्याचे दिवस इथून सुरू होतात. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर पडून तो जुन्याच मापाने घेतो आणि श्वास मंदावतो. ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशात घरघर. सोबतच्या माणसाला पोलिसांची भीती वाटते, म्हणून तो पळतो. हवं असतं ते असं: १०८ला फोन, माणूस कुशीवर, श्वास थांबला तर तोंडाने श्वास. डॉक्टरकडे नॅलॉक्सोन, म्हणजे हेरॉइनचा असर उलटवणारं औषध, ०.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन. दोन-चार मिनिटांत नशा केलेला माणूस डोळे उघडतो, चिडतो, घरी जायचं म्हणतो. जाऊ द्यायचं नाही. नॅलॉक्सोनचा असर तास-दीड तासात उतरतो, हेरॉइन अजून रक्तात असू शकतं.