विमान धावपट्टीच्या पुढे का जाते? ब्रेकविषयी विचारणाऱ्या सर्वांसाठी

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता: उतरताना विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले, म्हणजे ब्रेक फेल झाले असतील ना? बहुतेक वेळा तसे नसते, आणि आज मी एवढेच सांगायला बसलो आहे.

प्राथमिक गोष्टी उरकून घेतो. विमान जमिनीला टेकल्यावर पंखावरचे स्पॉयलर उभे राहतात आणि पंखाची उचल मोडतात, त्यामुळे विमानाचे वजन चाकांवर येऊन ब्रेक लागू पडतात; इंजिनाचा उलटा रेटा, म्हणजे रिव्हर्स थ्रस्ट, त्याला मदत करतो. हे तुम्हाला बहुधा ठाऊक असेल. खरा मुद्दा असा, की या सगळ्याची सुरुवात चाके टेकल्यानंतरच होते, आणि ती कुठे टेकली याकडे आपले लक्षच नसते.

साधा हिशेब करू. उतरताना बोइंग 737 सारख्या विमानाचा वेग सुमारे 140 नॉट, म्हणजे ताशी 260 किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून सेकंदाला सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते. अलगद टेकवण्याच्या नादात विमान पाच सेकंद जास्त तरंगले, तर साडेतीनशे मीटर गेले. आपल्या सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी 3200 मीटरची असल्यामुळे एखाद्या वेळी ते खपून जाईल. पण धावपट्टी आखूड असेल, ओली असेल आणि वारा पाठीमागून असेल, तर त्याच साडेतीनशे मीटरची किंमत फार मोठी होते. वेगाचेही तसेच आहे: वेग दहा टक्के वाढला, तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

येथे माझा जुना राग बाहेर येणार आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या पावसात मी पुण्याहून नागपूरला येत होतो. खालचे दिवे स्पष्ट दिसू लागले असताना इंजिने एकदम गर्जली आणि विमान पुन्हा वर चढले. शेजारचे काका म्हणाले, "काहून वरते नेलं बाप्पा यानं? नवीन पोरगा दिसते." दुसऱ्या खेपेस विमान धाडकन टेकले, वरच्या कप्प्याचे एक झाकण उघडले आणि काकांनी कंबर धरली. बाहेर पडताना त्यांनी हवाई सुंदरीला आपले मत ऐकवलेच. माझ्या मते त्या वैमानिकांनी दोन्ही वेळा योग्य तेच केले होते. ओल्या धावपट्टीवर जरा ठासून टेकलेले चाक पाण्याचा थर फोडते आणि लगेच फिरू लागते; फुलासारखे उतरलेले विमान त्या पाण्यावरून घसरत जाऊ शकते. तरीही आपण टाळ्या वाजवतो त्या फुलासारख्या उतरण्याला.

आता तीच गोष्ट अपघातांच्या अहवालांतून पाहा. मंगळूरला 22 मे 2010 रोजी 8033 फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे 5200 फूट पुढे जाऊन टेकले आणि 158 जण गेले. सहवैमानिकाने तीन वेळा 'गो अराउंड', म्हणजे उतरणे सोडून विमान पुन्हा वर घ्या, असे सांगितल्याची नोंद चौकशी अहवालात आहे. कोळिकोडला 7 ऑगस्ट 2020 रोजी भर पावसात, पाठीमागून वारा असताना, 8858 फुटांपैकी 4438 फूट मागे पडल्यावर चाके टेकली. 21 जण मृत्युमुखी पडले, त्यात दोन्ही वैमानिक होते. तेथेही सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटले होते.

कोळिकोडच्या विमानाचे कप्तान दीपक साठे यांचे नागपूरशी नाते होते, त्यामुळे तो विषय निघाला की कमेंटमध्ये कुणी त्यांना देव करतो, तर कुणी दोषी ठरवतो. मला दोन्ही बाजू उथळ वाटतात. अहवालाने कार्यपद्धती पाळली गेली नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्यासोबतच यंत्रणेतील उणिवांनाही हातभार लावणारे कारण मानले आहे. शिवाय त्याच रात्री पहिल्या प्रयत्नात त्यांनी विमान वर घेतले होते, ही गोष्ट भांडणारे विसरतात. पहिल्यांदा वर नेणारा माणूस दुसऱ्यांदा का थांबला नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शिवीगाळ केल्याने त्याचे उत्तर मिळणार नाही.

एका प्रेक्षकाने विचारले आहे, की धावपट्टी संपते आहे असे दिसल्यावर शेवटच्या क्षणी विमान उडवता येत नाही का? चाके टेकल्यावरही काही वेळ ते शक्य असते, पण रिव्हर्स थ्रस्ट लावल्यानंतर नियम एकच आहे: आता थांबायचेच. इंजिनांना पुन्हा पूर्ण पुढचा रेटा देण्यास काही सेकंद लागतात, आणि एका सेकंदाला किती मीटर जातात ते आपण आत्ताच मोजले. मंगळूरला नेमके तेच घडले. रिव्हर्स लावल्यानंतर विमान पुन्हा उडवण्याचा प्रयत्न झाला, आणि तोवर पुढे उरली होती ती दरी.