‘होईल सर, पण जरा…’

श्रोतेहो, नमस्कार.

साहेब विचारतात, “शुक्रवारपर्यंत होईल ना?” समोरचा म्हणतो, “होईल सर, पण जरा…” साहेबांच्या कानात ‘होईल’ शिरतं, ‘पण जरा’ बाहेरच राहतं. शुक्रवारी मग आवाज चढतो, “मला आधी का नाही सांगितलं?” सांगितलं तर होतं. अशा साहेबांना नेहमीचा सल्ला मिळतो, ‘कमी बोला, जास्त ऐका.’ पण ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, त्याबद्दल आज बोलू.

असं अर्धंच ऐकण्याची फार मोठी किंमत मोजल्याचं एक उदाहरण आहे. २८ डिसेंबर १९७८ ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ एक डीसी-८ विमान घिरट्या घालत होतं. उतरण्यासाठी चाकं खाली सोडताना मोठा आवाज झाला होता, त्यामुळे चाकं नीट बसली आहेत का, या शंकेनं कप्तानाला घेरलं. जवळजवळ तासभर तो त्यातच गुंतला. इंधन कमी होतंय हे सहवैमानिकाला आणि फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं. त्यांनी तसं सुचवलंही, पण जपून, आडवळणानं. शेवटी इंधन संपलं, इंजिनं बंद पडली आणि विमान विमानतळाच्या अलीकडेच कोसळलं. दहा जण गेले, त्यात तो फ्लाइट इंजिनिअरही होता. कप्तानानं सहकाऱ्यांच्या सूचनांची नीट दखल घेतली नाही आणि सहकाऱ्यांनीही आपली काळजी ठासून मांडली नाही, असं चौकशीत दोन्हीकडे बोट ठेवलं गेलं. हाताखालच्यांचं ऐकायचं कसं आणि वरिष्ठांना स्पष्ट सांगायचं कसं, हे वैमानिकांना रीतसर शिकवायला सुरुवात झाली, त्यामागे असे अपघात होते.

मला विचाराल तर यातली मोठी जबाबदारी वरच्या खुर्चीची. ज्याच्या हातात पगारवाढ असते त्याच्यापुढे माणूस वाईट बातमी गुंडाळूनच देणार. ती उलगडून पाहायचं काम घेणाऱ्याचं.

ते जमत का नाही? आपण उर्मट असतो म्हणूनच, असं नाही. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जेमतेम दोनशे मिलिसेकंद जातात. दहा वेगवेगळ्या भाषांमध्ये तपासलं, तेव्हा थोड्याफार फरकानं हेच दिसलं. पण एखादा शब्द मनात जुळवून तोंडावर आणायलाच सहाशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं. तोंड मिटलेलं असलं तरी. म्हणून नुसतं ‘कमी बोला’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. दगडी चेहऱ्यानं गप्प बसणारा साहेब तर बडबड्या साहेबापेक्षा जास्त धास्ती घालतो.

“इतकं ऐकत बसायला वेळ कुठे आहे?” हा नेहमीचा आक्षेप. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णानं तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. ज्यांना पूर्ण बोलू दिलं, त्यांतल्या बहुतेकांचं मिनिटभरात आटोपलं आणि कुणालाही अडीच मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत. आपल्या मीटिंगा किती लांबतात ते आठवा, म्हणजे वेळेची सबब तिथल्या तिथे निकालात निघेल.

मीटिंगमध्ये वरिष्ठानं आपलं मत शेवटी सांगावं. त्यानं आधी सांगितलं की बाकीचे फक्त माना डोलावतात. निर्णय मात्र स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवा, तिथे मौन कामाचं नाही.

आणि एक सवय विमानसेवेकडूनच उचलण्यासारखी. नियंत्रण कक्षानं दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिक तशीच परत म्हणून दाखवतो आणि ती बरोबर आहे ना, हे नियंत्रक ऐकून तपासतो. ऑफिसात तुम्ही म्हणा, “म्हणजे माल उशिरा आला तर शुक्रवार चुकेल, असंच ना?” समोरचा कदाचित म्हणेल, “नाही सर, माल आलाय. माणसं कमी पडताहेत.” तुमचं म्हणणं असं खोडल्याबद्दल त्याच्यावर रागावू नका, आणि पुढचा प्रश्न माणसांबद्दल विचारा.